अडीच किलोच्या अलीकडे

जन्मलेल्या बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली भरलं की कागदावर ‘कमी वजनाचं बाळ’ अशी नोंद होते. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली, सगळ्या जगाला एकच. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या बाळांची जन्मवजनं कळली, त्यांतली साधारण १८ टक्के या रेघेच्या अलीकडे होती. पाच-सहा बाळांमागे एक.

पुण्यात परिचारिका म्हणून माझी नोकरी आधी प्रसूतिगृहात आणि मग वस्त्यांमध्ये फिरण्यात गेली. ताडीवाला रोड, कासेवाडी, जनता वसाहत, येरवड्याच्या गल्ल्या. आता नव्या आशाताईंशी बोलायला मला बोलावतात. रक्तक्षय, कमी वय, दोन बाळंतपणांत कमी अंतर, रक्तदाब, जुळं, तंबाखू ही कारणांची यादी त्यांच्या पुस्तकात असतेच, आणि ती खरी आहे. पण त्यातलं प्रत्येक कारण घरात कुठे आणि कोणत्या रूपात लपलेलं असतं, ते उंबरठा ओलांडल्याशिवाय दिसत नाही. मी त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. बाळ लवकर आलंय की लहान राहिलंय, हे आधी बघा.

दोन बाळं शेजारी ठेवली, दोघांचंही वजन १,९०० ग्रॅम. काट्याला दोघं सारखीच. हात लावला की मात्र फरक कळतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा कान हलकेच दुमडून सोडला तर तो तसाच राहतो, मग सावकाश उलगडतो, कारण त्यातली कूर्चा अजून तयार झालेली नसते. तळपाय गुळगुळीत, रेषा असल्याच तर बोटांजवळ. पाठीवर, खांद्यावर मऊ लव. कातडी इतकी पातळ की पोटावरच्या शिरा दिसतात. पुऱ्या दिवसांच्या पण पोटात न वाढलेल्या बाळाचा कान सोडल्याबरोबर जागेवर येतो. तळपायावर टाचेपर्यंत रेषा असतात. मांडीची कातडी चिमटीत धरली तर सैल, घडी पडणारी. डोकं अंगाच्या मानाने मोठं, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा आणि डोळे टक्क उघडे.

हा फरक नुसता माहितीपुरता नाही. लवकर आलेल्या बाळाला श्वासाचा आणि चोखण्याचा त्रास, सुकलेल्या बाळाला साखर उतरण्याचा आणि गार पडण्याचा. आईकडची कारणंही पुष्कळदा वेगळी. दिवस भरण्याआधी कळा आल्या असतील तर लघवीतला किंवा योनीमार्गातला जंतुसंसर्ग, जुळं, आधीचं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, गर्भपिशवीचं तोंड कमजोर असणं, हे शोधायचं. बाळ पोटात सुकलं असेल तर आईचं खाणं, रक्त, तंबाखू आणि वार नीट काम करत होती का, ते. वाढलेला रक्तदाब मात्र दोन्हीकडे सापडतो.

दोन्ही गोष्टी एकाच बाळात असल्या की अवघड होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा पाठपुरावा ती अठरा वर्षांची होईपर्यंत केला. आपल्याकडे एवढा लांबचा पाठपुरावा फार थोड्या ठिकाणी झाला असेल. लवकरही आलेली आणि दिवसांच्या मानानेही लहान असलेली मुलं उंचीत आणि बुद्धीच्या चाचण्यांत सगळ्यांत मागे राहिली. म्हणून काट्यावरचा आकडा लिहिला की काम संपलं, असं मी कुणाला मानू देत नाही.

२. तारीख आठवत नसेल तर सण विचारा.

शेवटची पाळी कधी आली होती, या प्रश्नाला वस्तीत नेमकं उत्तर क्वचित मिळतं. “होळीच्या आसपास.” “पालखी पुण्यात होती तेव्हा मी बाजूला बसले होते.” ही उत्तरं टाकाऊ नाहीत. पालखी कोणत्या तारखेला होती हे कॅलेंडरात आहे, त्यावरून आठवड्याभराच्या फरकाने हिशेब लागतो. त्याहून बरं म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. तेव्हाचा अंदाज पक्का असतो, आठव्या महिन्यातला तेवढा भरवशाचा नसतो. दिवसच माहीत नसतील तर बाळ लहान आहे की दिवसच कमी भरलेत, हे पोटावर टेप लावूनही सांगता येत नाही. आणि नावनोंदणी उशिरा झाली की हे पहिले तीन महिने हातून गेलेलेच असतात.

३. पहिल्या भेटीतलं आईचं वजन नीट वाचा.

माता व बाल संरक्षण कार्डावर पहिल्या भेटीच्या रकान्यात ३८ किलो लिहिलेलं असतं, आणि पुढच्या रकान्यांकडे सगळे बघतात: वाढलं का, किती वाढलं. नऊ महिन्यांत नऊ ते अकरा किलो वाढावं, हे बरोबरच. पण ३८ किलोची बाई नऊ किलो वाढून ४७ झाली, तरी तिच्या बाळाची सुरुवात ३८ पासूनच झालेली असते. दिवस राहण्याआधीचं वजन आणि उंची ही बाळाच्या वजनाची मोठी कारणं आहेत. उंची १४५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ती बाई जोखमीची धरतात, कारण ती उंची तिच्या स्वतःच्या लहानपणी खुंटलेली असते. आपण तिला भेटतो तेव्हा निम्मं घडून गेलेलं असतं. हे समजलं की तिला “तू खात नाहीस म्हणून” असं कुणी बोलत नाही, निदान बोलू नये. मी ते वाक्य फार ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे.

४. पोट भरलं म्हणजे बाळाला मिळालं, असं नाही.

या बाबतीत पुण्याने जगाला शिकवलं आहे. केईएममध्ये डॉ. बानू कोयाजी यांनी रुग्णालयाचं काम वढूच्या बाजूच्या खेड्यांपर्यंत नेलं होतं. त्याच रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. लग्न झालेल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून गाठलं आणि जवळपास ८०० गरोदरपणं शेवटपर्यंत पाहिली. त्या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. पुऱ्या दिवसांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही थोडी खालीच. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची.

आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव यांनी या आयांच्या खाण्याचा अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण उष्मांक किती आणि प्रथिनं किती, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात येतं, याच्याशी. आणि पालेभाजीचा फायदा सगळ्यांत जास्त दिसला तो सगळ्यांत हलक्या, ४० किलोच्या आतल्या बायकांमध्ये.

वस्तीत हे रोज दिसतं. सकाळी चहा आणि खारी, किंवा चहात बुडवून रात्रीची पोळी. दुपारी कामावरच्या घरी मिळालं ते. रात्री भाकरी, आमटी, आणि भाजी आधी पुरुषांना, मग पोरांना, उरली तर तिला. पोट भरलेलं असतं, ती खोटं बोलत नाही. म्हणून “जेवतेस ना नीट?” असं मी विचारत नाही. “काल पालेभाजी कुठली होती आणि तुझ्या ताटात किती आली?” असं विचारते. मार्केट यार्डाच्या बाजूच्या वस्त्यांत संध्याकाळी मेथी, चवळी, राजगिरा, माठ स्वस्तात मिळतो, थोडा कोमेजलेला का असेना. शेवग्याचं झाड तर पुष्कळ वस्त्यांच्या कडेला असतं, त्याचा पाला फुकट. दूध परवडत नाही तिथे एक वाटी दही किंवा अंडं. एवढ्या बारीक पातळीवर बोललं तरच काही बदलतं.

५. पाणी कोण भरतं, ते विचारा.

माझ्या मते गरोदर बाईला विचारायचा हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो कुठल्याच फॉर्मवर नाही.

त्याच सहा खेड्यांतल्या बायकांच्या कामाची मोजदाद डॉ. राव यांच्या गटाने केली होती. शेतातलं काम, घरकाम, विहिरीवरून पाणी आणणं, प्रत्येकाला गुण देऊन. जिचं काम जास्त तिचं बाळ लहान, असं निघालं. पाणी आणण्याचा परिणाम वेगळा उठून दिसला. हे २००३ मध्ये छापून आलं. विहीर नसलेल्या शहरातही मला त्यात आपल्याच बायका दिसल्या. जनता वसाहत पर्वतीच्या टेकडीवर चढत गेलेली. वरच्या गल्लीत नळाला दाब नसला की खालून आणायचं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. आठव्या महिन्यातली बाई एक हंडा कमरेवर आणि एक कळशी हातात घेऊन त्या पायऱ्या चढते, मधल्या वळणावर हंडा भिंतीला टेकवून उभी राहते, पोटाखाली हात धरते, दम खाते आणि परत उचलते. पाणी पहाटे आलं तर पहाटे उठायचं. झोप तिथेच तुटते.

त्यानंतर कामं. सहकारनगर, कोथरूडच्या इमारतींमध्ये चार-पाच घरची धुणीभांडी, फरशी. बांधकामावर असेल तर विटा आणि वाळूच्या पाट्या. कचरा वेचणारी असेल तर पाठीवर पोतं. संघटित नोकरीतल्या बाईला २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. धुणीभांडी करणारीला चार दिवसांच्या खाड्यानंतर दुसरी बाई लागलेली दिसते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये हप्त्यांनी येतात. ते घ्यावेतच, त्यासाठी बँकेचं खातं आणि आधार आधी जुळवून ठेवावं. पण त्या पैशांत सातव्या महिन्यापासून घरी बसता येत नाही.

हे आपल्या हातात नाही, असं नव्या मुली म्हणतात. थोडं असतं. ज्या घरात बाई कामाला जाते तिथल्या बाईंशी मी स्वतः जाऊन बोलले आहे: उकिडवं बसून कपडे घासायला लावू नका, ओट्यावर भांडी चालतील, दुपारी अर्धा तास डाव्या कुशीवर आडवी होऊ द्या. बहुतेकींनी ऐकलं. त्यांनाही पोरं झालेली असतात. आणि पाण्याचं मी नवऱ्यालाच सांगते, त्याच्या आईसमोर: “दादा, बाळंत होईपर्यंत हंडा तुमचा.” आईसमोर सांगितलं की त्याला ती हंडा उचलताना “बायकोचं ऐकतो” असं म्हणत नाही. सिस्टरने सांगितलं म्हणून, एवढं कारण तिला पुरतं.

६. “तंबाखू खातेस का?” असं विचारू नका.

उत्तर “नाही” असंच येतं, आणि तिच्या मनात ते खरंच असतं. “मशेरी लावतेस का?” असं विचारा. “हो, सकाळी लावते.” मग: “आणि दुपारी?” “लावते की. नाही लावली तर पोट साफ होत नाही.” तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना घासायची. आई लावते, सासू लावते. पहिल्या महिन्यांत मळमळतं म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याही मी पाहिल्या आहेत.

निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये दाखवलं की धूर न निघणारी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी असतात, आणि लवकर जन्मण्याचं प्रमाणही जास्त असतं. सव्वादोन किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे थोडंथोडकं नाही. मशेरी सोडवायची तर एकटीची सुटत नाही. सासूचीही डबी बाजूला ठेवावी लागते, निदान सुनेच्या नजरेआड.

धुराचंही विचारावं. गॅस आहे म्हणतात, पण आंघोळीचं पाणी दाराबाहेर चुलीवर, लाकडं, फळ्या, कधी प्लॅस्टिकसुद्धा जाळून. तो धूर तिच्याच नाकात जातो.

७. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघा.

लोहाची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, हिमोग्लोबिन ११ च्या खाली. गोळ्या सगळ्यांना मिळतात. पण त्या टीव्हीखालच्या खणात, पर्सच्या कप्प्यात जशाच्या तशा सापडतात. कारणं ठरलेली: शी काळी होते, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, गोळीने बाळ काळं होतं. पहिलं खरं आहे आणि त्यात भिण्यासारखं काही नाही. शेवटचं साफ खोटं. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगाला लागत नाही. आपल्याकडे चहा कमी करायला सांगणं अवघड, म्हणून चहा आणि गोळी यांत दोन तास ठेवा म्हणते. वर लिंबू पिळलेलं पाणी. जंतांची गोळी चौथ्या महिन्यानंतर, डॉक्टर देतील तेव्हा.

आणि रक्त नुसत्या लोहाने भरत नाही. याज्ञिकांच्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच येतं. अभ्यासात आणखी एक दिसलं: रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक जास्त असलेल्या आयांची बाळं लहान, आणि ब-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं. गोळ्या नियमाने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर ब-१२ तपासून घ्या, असं डॉक्टरांना विचारायला मी बायकांना शिकवते. विचारायची भीती वाटते, म्हणून कार्डाच्या मागे लिहून देते.

८. “बाळ मोठं नको” म्हणणाऱ्या सासूला परकी करू नका.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सुनेचं जेवण कमी केलेलं मी खूप घरांत पाहिलं. बाळ मोठं झालं तर अडेल, सिझर होईल, पोटात अन्न भरलं तर बाळाला जागा राहणार नाही. ही भीती वेडगळ नाही. ज्या बाईने घरात, कंदिलाच्या उजेडात अडलेलं बाळंतपण पाहिलं आहे, कदाचित त्यात जाऊ किंवा बहीण गमावली आहे, तिची ती भीती आहे. तिला मी मावशी म्हणते, जवळ बसते आणि आकडे सांगते. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला बाळ किलोभराचं असतं. जन्माला येताना ते पावणेतीन-तीनचं व्हायचं असेल तर दोन तृतीयांश वजन या शेवटच्या महिन्यांतच चढायचं आहे. डोहाळजेवण आपण नेमकं तेव्हाच करतो, ओटी भरतो, पाच फळं देतो. ते एक दिवसाचं न करता रोजचं करा, एवढंच म्हणते. हे वाक्य सासवांना पटतं, कारण त्यात त्यांचीच रीत आहे.

उपासांचंही तसंच. हरतालिका, संकष्टी, श्रावणी सोमवार. सोडायला सांगितलं तर कुणी सोडत नाही, मन खातं. दूध, केळं, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची आमटी घेऊन करा म्हटलं तर करतात. निर्जळी मात्र नाही, त्यावर मी अडून बसते.

९. रक्तदाब मोजताना दंड बघा.

पट्टा बांधायला बाही वर केली की वळ दिसतात. मारहाण सोसणाऱ्या बायकांची बाळं हलकी असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आलेलं आहे. मार पोटावर लागतो, जेवण जात नाही, तपासणीला येऊ देत नाहीत. सासू किंवा नवरा सोबत असताना यातलं काहीही विचारू नका. लघवीच्या तपासणीच्या निमित्ताने तिला एकटीला आत घ्या. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडपाठ करायला लावा, कागदावर देऊ नका.

१०. बाणेर-हिंजवडीतही लहान बाळं जन्मतात.

हे फक्त गरिबांचं दुखणं आहे, असं मोठ्या सोसायट्यांमधल्या बायकांना वाटतं. पस्तिशी ओलांडलेलं पहिलं गरोदरपण, उपचारांनंतर राहिलेली जुळी, वाढलेला रक्तदाब, थायरॉइड, नाश्ता सोडून थेट दुपारचं जेवण, रात्री-बेरात्रीचे कॉल. जुळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त बाळं अडीच किलोच्या आतच असतात. पायाला सूज, डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं कुणालाही येवोत, ऑफिसची मीटिंग संपायची वाट बघायची नाही.

११. पाळणा लांबवणं हे पुढच्या बाळाच्या वजनाचं काम आहे.

एक बाळ झाल्यावर पुढचं राहण्यात निदान दोन वर्षांचं अंतर असावं, म्हणजे आईचं रक्त आणि हाडं भरून येतात. पहिली मुलगी झाली की घाई होते. वर्षाच्या आत परत दिवस. तेव्हा मी बाळंतिणीच्या वॉर्डातच साधनांचं बोलते, घरी गेल्यावर नाही.

१२. बाळ लहान जन्मलंच, तर त्याला फुगवू नका.

ऊब आधी. आईच्या उघड्या छातीवर, वर ओढणी किंवा शाल, डोक्यावर टोपी, पायात मोजे. कांगारू पद्धत म्हणतात तिला, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. वडिलांनाही येते, आणि एकदा छातीवर ठेवलं की वडील बाळ सोडत नाहीत. अंगावरचं दूध चोखता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने. आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर किती जीव वाचतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, आणि आशांच्या या भेटी त्याच वाटेने आल्या.

पण बाळ गुटगुटीत दिसावं म्हणून वरचं दूध, डब्याची पावडर, मग सहाव्या महिन्यापासून तूप-साखर चेपणं, हे थांबवायला हवं. २००३ मध्ये याज्ञिकांनी पुण्याची आणि साउदॅम्प्टनची बाळं शेजारी मांडली, तेव्हा आपली बाळं हलकी होती पण चरबीत तेवढी मागे नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. अशा बाळावर झपाट्याने वजन चढवलं तर ते चरबी म्हणून चढतं, आणि पुढे मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतात. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जन्मवजनाचा आणि मोठेपणीच्या हृदयविकाराचा संबंध दाखवला होता. पुण्यातल्या कामाने त्यात आपल्या बाळांचं चित्र घातलं. सहा महिने अंगावरचं दूध, मग घरचं वरण-भात, भाजी, अंडं. वजन सावकाश वाढू दे, उंचीबरोबर वाढू दे.

१३. आईला तपासायला गेलात की घरातल्या मोठ्या मुलीकडेही बघा.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात एक प्रयोग झाला. बायकांना दिवस राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठळक फरक आला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून तो खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅम जड निघाली. मला यातून एवढं कळतं की आपण फार उशिरा पोचतो. पुण्याच्या खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली ती बाळं तरुण झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांनाच, गरोदरपणाच्या पुष्कळ आधी, ब-१२ देऊन बघण्याचा अभ्यास सुरू झाला, तो याच विचाराने.

वस्तीत गरोदर बाईच्या घरी तिची चौदा-पंधरा वर्षांची नणंद किंवा धाकटी बहीण असतेच. ती भांडी घासत असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तिचं लग्न अठराला, पुढच्या वर्षी नाव नोंदवायला आपल्याच दारात. मी आशाताईंना सांगते, वजनकाटा पिशवीतून काढलाच आहे तर आईचं झाल्यावर तिलाही उभी करा. वजन आणि उंची वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पाळीत अंगावरून किती जातं ते विचारा. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते का, आणि मिळाल्यावर ती गिळते की दप्तरात टाकते, हेही विचारा. शाळा सुटली असेल तर ती गोळी अंगणवाडीत मिळते, तिथे तिचं नाव त्याच दिवशी घाला. आणि निघताना तिच्या आईला सांगून या की आज रात्री भाजी वाढताना हिचं ताट आधी घ्या.